एकच प्रश्न, पाच वेळा : केज तालुक्यातल्या एका नर्सचं 'जायचं' कसं ठरत गेलं

"परदेशात जायचंय का?" हे मी पहिल्यांदा विचारलं ते २०२३ च्या जूनमध्ये, जीएनएम या नर्सिंग पदविकेच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात. प्रश्न सहजच टाकला होता, तास संपायला दहा मिनिटं होती म्हणून. जवळजवळ सगळे हात वर गेले. खिडकीपाशी बसलेल्या एका मुलीचा हात मात्र कोपरापर्यंतच उचलला गेला आणि शेजारणीकडे बघून पुन्हा खाली आला.

त्या अर्ध्या हाताची, आणि तो पुढं जर्मनीकडं कसा वळला त्याची, ही गोष्ट. घरात तिला सगळे ताई म्हणतात, मीही इथे ताईच म्हणते. गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाकी माझ्या वहीत तारखेनिशी नोंदलेलं आहे तसंच आहे. मी नर्सिंग शिकवते. संशोधक नाही. पण पुढच्या सव्वादोन वर्षांत हाच प्रश्न मी तिला आणखी चार वेळा विचारला आणि दर वेळी वेगळं उत्तर मिळालं. आधी वाटलं, पोरगी धरसोड वृत्तीची आहे. नंतर लक्षात आलं, उत्तर कुणाच्या देखत मागतोय यावर ते ठरत होतं.

घर

केज तालुका, बालाघाटाचा माळ. मांजरा धरण धनेगावला, म्हणजे तसं हाकेच्या अंतरावर. पण यांची तीन एकर चढावर, कोरडवाहू. सोयाबीन, मध्ये तुरीच्या ओळी. २०१६ च्या उन्हाळ्यात धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा ताई १४ वर्षांची होती. पाण्याच्या गाडीचं तिला फारसं आठवत नाही. तिला आठवतं ते दरवर्षी दसरा झाला की आई-अण्णांचं ऊसतोडीसाठी कारखान्याला जाणं आणि उन्हं तापली की परतणं. मधले पाच-सहा महिने ती, धाकटी बहीण आणि आजी. चूल ताईकडे.

पुस्तकात स्थलांतराची कारणं 'ढकलणारी' आणि 'ओढणारी' अशी मांडलेली असतात. एव्हरेट ली यांनी १९६६ मध्ये त्यांच्या जोडीला वाटेतले अडथळे आणि माणसाची स्वतःची परिस्थिती यांनाही जागा दिली होती, पण वर्गात शिकवताना तो भाग हमखास गळतो. मग मराठवाड्याचं नाव निघालं की उत्तर तयारच असतं: दुष्काळानं ढकललं, युरोनं ओढलं. या घरापुरतं तरी मला ते पटत नाही. दुष्काळानं या घराला ढकललं ते उसाच्या फडात, सहा महिन्यांसाठी, आणि परतही आणलं. वीस वर्षं हे चाललं. त्याला घरात कुणी स्थलांतर म्हटलं नाही. 'तोडीला जाणं' म्हटलं. २०१८ ला अण्णांची कंबर गेली तेव्हा ते थांबलं. आई मात्र आणखी एक हंगाम तिच्या भावाच्या टोळीत 'अर्धा कोयता' म्हणून गेली (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता).

आणि ओढ म्हणाल तर मुलगी कुठे ना कुठे जाणार, हे तिच्या जन्मापासून ठरलेलंच असतं. २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींवर स्थलांतरित मोजले गेले, त्यात दोन तृतीयांशाहून थोड्या जास्त स्त्रिया होत्या, आणि त्यांचं सगळ्यात मोठं कारण लग्न. आजी तर बोलता बोलता म्हणायची, "लेकीची जात, आज इथं उद्या तिथं." कुठं जायचं आणि कुणाच्या मागं जायचं, एवढंच काय ते ठरायचं बाकी होतं. ताईच्या इच्छेचं बी मला इथं दिसतं. जायचंच आहे तर एकदा स्वतःच्या नावानं जाऊन बघू. हे तिचे शब्द नाहीत, माझे आहेत. ती असं कधी बोलली नाही.

दुसऱ्यांदा

२०२३ ची दिवाळी. माझी बहीण अंबाजोगाईला असते, तिच्याकडे गेले होते, तिथून वाट वाकडी करून ताईच्या गावी गेले. अंगणात बाज टाकली, चहा आला. अण्णा, आजी, शेजारचे एक भाऊबंद. मी विचारलं, "काय गं, जर्मनीचं काय ठरवलंस?"

"नाही वो मॅडम, असंच म्हणले होते."

भाऊबंदांनी मान डोलावली. आजीनं मात्र विषय सोडला नाही. तिला कुणीतरी सांगितलं होतं की तिकडच्या नर्सला म्हाताऱ्यांना आंघोळ घालावी लागते. "मंग शिकून काय केलं? लोकायचं गू-मूत काढाया समुद्रापार जायचं?"

आजीची माहिती खरी होती. आपल्याकडे रुग्णाला पुसणं, भरवणं, कूस बदलणं हे बरंचसं नातेवाईक करतात, नाहीतर वॉर्डातल्या मावशी. जर्मनीत ते नर्सच्याच कामात मोडतं. सहायक असले तरी रुग्णाची मूलभूत शुश्रूषा वेगळी काढून सगळी त्यांच्यावर सोडलेली नसते. परदेशी नोकऱ्यांच्या मेळाव्यात हे कुणी सांगत नाही. आणि आपल्याकडे कुठलं काम कुणी करायचं याच्या मागे काय काय उभं आहे, ते वाचणाऱ्यांना सांगायला नको. ताई नर्सिंगला गेली तेव्हाच घरात पहिली कुरबुर झाली होती. आता तेच काम, तेही परक्या देशातल्या परक्या म्हाताऱ्यांचं.

मी वहीत 'नाही' लिहिलं आणि विषय संपला असं धरलं. चूक माझी. चार माणसांत, बापासमोर, बाविशीच्या आतली मुलगी 'हो, मला जायचंय' म्हणेल, ही अपेक्षाच चुकीची होती.

तिसऱ्यांदा, रात्रपाळीत

परीक्षा झाली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ताई लातूरच्या एका खासगी रुग्णालयात लागली. महिना नऊ हजार. चौघींत एक खोली, डबा बाहेरचा. बारा तासांची रात्रपाळी कागदावर आठ तासांची. माझ्या ओळखीचा एक रुग्ण तिथे दाखल होता, म्हणून मी रात्री अकराला गेले, तर काउंटरवर ताई. वॉर्ड शांत होता. पुन्हा विचारलं.

"जाणार." मध्ये एक क्षणही गेला नाही.

पगारामुळं का, विचारलं. पगाराचं तर आहेच, म्हणाली. मग सलाइनची नोंद करता करता म्हणाली, "मॅडम, इथं कुणीबी 'ए शिस्टर' म्हणतंय. डॉक्टर नाही आला तरी आम्हाला, बिल जास्त झालं तरी आम्हाला. परवा एकानं हात उगारला. सुपरवायझर म्हणली, तूच नीट बोलली नसशील."

हे मी अधोरेखित करून ठेवलं आहे. मुलींच्या जाण्याच्या इच्छेची कारणं मोजताना पगाराचा रकाना पहिला असतो, कारण तो आकड्यात भरता येतो. 'ए शिस्टर'चा रकाना नसतो. माझ्या हाताखालून गेलेल्या ज्या मुली खरोखर गेल्या, त्यांतल्या बहुतेकींनी मला पैशाच्या आधी असंच काहीतरी सांगितलं आहे.

त्याच काळात आणखी दोन गोष्टी घडल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, १० हजार तरुणांचा आकडा जाहीर झाला आणि व्हॉट्सअॅपवर तो फिरला. कराराचं पुढं काय झालं याच्याशी ताईचा संबंध आला नाही. पण 'सरकारच पाठवतंय' या एका वाक्यानं अण्णांच्या लेखी जर्मनी भरवशाची झाली. आखातातली नोकरी याहून सोपी पडली असती, तिथं नवी भाषा शिकायची अट नाही. पण आखाताबद्दल गावात फसवणुकीच्या दोन-तीन गोष्टी आधीच पोचल्या होत्या आणि जर्मनीबद्दल तशी कुठलीच गोष्ट पोचली नव्हती. अफवा नसणं हीसुद्धा एक पात्रता ठरली.

दुसरी गोष्ट म्हणजे सीनियर. ताईच्या दोन वर्षं पुढची, परळीकडची एक मुलगी तिकडे पोचली होती. ती बर्फातले फोटो टाकायची, ते सगळेच टाकतात. पण ही व्हॉइस मेसेजही पाठवायची: पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडतो आणि रडू येतं, आपल्या शिक्षणाला तिथली मान्यता मिळेपर्यंत सहायकाचा पगार मिळतो, मान्यतेनंतर महिना ३ हजार युरोंच्या वर दिसतो, पण कर आणि विमे जाऊन हातात साधारण दोन तृतीयांश येतो, आजोबांना आंघोळ घालताना पहिल्या दिवशी हात थरथरले, पण तिथं नर्स जे म्हणते ते डॉक्टर ऐकून घेतो. ताईनं ते मेसेज साठवून ठेवले आहेत. कुठल्याही मेळाव्यानं झालं नसतं एवढं काम त्या तीन-चार मिनिटांच्या आवाजांनी केलं. त्यातलं रडणं खरं वाटल्यामुळं बाकीचंही खरं वाटलं असावं.

लातूरची ओळख 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या शिकवण्यांची. त्याच इमारतींच्या वरच्या मजल्यांवर आता जर्मन भाषेचे वर्ग निघालेत. ताईनं रात्रपाळीच्या पैशातून एक वर्ग लावला. इंग्रजीला ती आयुष्यभर घाबरत आली, जर्मनला कमी घाबरली. कारण मला गमतीदार वाटतं. डेर-डी-डास ही तीन लिंगं ऐकून इंग्रजी माध्यमाची पोरं वैतागली, मराठी शाळेतली ताई म्हणाली, "तो-ती-ते, झालं की." पुढं कळलं की जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी असते. यावर तिचं उत्तर तयार: "आमच्याकडं बी लेकरू 'ते'च असतंय."

चौथ्यांदा

२०२५ च्या सुरुवातीला आत्याचा निरोप आला. आत्याचा मुलगा, सहा एकर बागायत, पदवीधर, नोकरी नाही. बीडमधल्या मुलींची लग्नं किती लवकर होतात ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसतं. २०१९-२१ च्या फेरीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्या परभणीत ४८ टक्के होत्या, बीडमध्ये ४३.७, राज्यात २१.९. ताई त्या रांगेतून नर्सिंगमुळं निसटली होती. पण आता 'शिकून झालं' होतं, म्हणजे सबब संपली होती.

याची दुसरी बाजूही आहे. २०११ ला बीडमध्ये ० ते ६ वयाच्या १००० मुलांमागे ८०७ मुली मोजल्या गेल्या. ताईची धाकटी बहीण २००६ ची, त्या ८०७ मधली. त्या वयाची मुलं अजून लग्नाची व्हायचीत, पण त्यांच्याहून मोठ्यांनाच आता मुली मिळेनाशा झाल्यात. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४८९२ रुपये आणि बाजारात त्याहून कितीतरी खाली, तेव्हा शेतकरी नवऱ्याची पत आणखी घसरली. म्हणून आत्या घाईत होती.

मी अण्णांच्या आग्रहावरूनच गेले होते, 'तुम्ही समजावा' म्हणून. कुणी कुणाला समजवायचं ते त्यांनी स्पष्ट केलं नव्हतं. ताईला बाजूला घेऊन विचारलं. दारात आई उभी होती.

"घरचे म्हणतील तसं."

याआधीचा अनुभव नसता तर मी याचाही अर्थ 'नाही' असा घेतला असता. आइसेक आझेन या मानसशास्त्रज्ञानं १९९१ मध्ये माणसाचा इरादा तीन गोष्टींनी बनतो असं मांडलं: त्या कृतीबद्दल स्वतःला काय वाटतं, आपल्या माणसांना काय वाटेल, आणि ती आपल्या हातात किती आहे. ताईच्या बाबतीत पहिली गोष्ट पक्की होती, तिसरी जर्मनच्या पायऱ्यांनी वाढत होती. अडलं होतं दुसऱ्यावर. आणि 'घरचे म्हणतील तसं' म्हणत ती त्या दुसऱ्यालाच हळूहळू वळवत होती. भांडली असती तर शिकवणी बंद झाली असती. ती भांडली नाही, लग्नाला नकार दिला नाही, फक्त म्हणाली, "बी-वनची फी भरलीय, तेवढी होऊन जाऊ द्या." बी-वन ही जर्मनची तिसरी पायरी, तिच्यावर बी-टू. फी भरलेली आहे, या वाक्याला आमच्याकडे फार वजन आहे.

कागदांनीही तिला एक अनपेक्षित हात दिला. गुणपत्रिका, नोंदणी, पासपोर्ट, या सगळ्यांवर मधलं नाव वडिलांचं. आपल्याकडे लग्नानंतर आडनावाबरोबर मधलं नावही बदलायची रीत. मान्यतेसाठी जर्मनीला जाणारा प्रत्येक कागद अनुवादित, प्रमाणित, आणि नाव अक्षरन् अक्षर जुळणारं हवं. "आधी लग्न केलं तर सगळे कागद परत," असं तिनं अण्णांना सांगितलं. नाव बदलायची सक्ती कुणाचीच नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी गप्प बसले.

बी-वनची परीक्षा पुण्यात झाली. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग, प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत. तीन सुटले, श्रवण राहिलं. तेवढंच दुसऱ्या खेपेला सोडवलं. निकालाची बातमी गावात गेली आणि स्थळांचा रंगच बदलला. आता येणारे विचारू लागले, बायकोच्या मागं नवऱ्यालाही जाता येतं ना? एकानं तर पोराचा पासपोर्टच आणला होता. अण्णा त्या दिवशी पहिल्यांदा हसले. मला वाटतं अण्णांचा कल तिथं बदलला. त्यांना पटवायला आमचा एकही मुद्दा लागला नाही.

पाचव्यांदा, आणि उचल

२०२५ च्या पावसाळ्यात एका एजन्सीचं करारपत्र आलं. मोठ्या शहरातलं चकचकीत ऑफिस, नाव सांगत नाही. बी-टूपर्यंतची शिकवणी, परीक्षा, अनुवाद, विमान, सगळं 'मोफत'. अट: तीन वर्षं नेमलेल्या ठिकाणी काम, आधी सोडलं तर साडेचार लाख परत. मूळ प्रमाणपत्रं एजन्सीकडे जमा.

बँकेतून कर्ज काढून स्वतः जायचा पर्यायही बघून झाला होता. कोरडवाहू तीन एकर तारण चालणार नाही, एनए (बिगरशेती) प्लॉट आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. म्हणून करारपत्राकडे सगळे आशेनं बघत होते. ताई वाचून दाखवत होती, मी मान डोलावत होते. साडेचार लाखांच्या ओळीला आईनं हातातली निवडायची मेथी खाली ठेवली.

"म्हंजी ही उचलच हाय की."

तोडीला जाण्याआधी टोळीचा मुकादम देतो ती आगाऊ रक्कम म्हणजे उचल, ती फिटेपर्यंत सुटका नाही. कुणी काही बोललं नाही. आई पुढं विचारत गेली आणि मला माझ्या शिक्षणाची लाज वाटत गेली. उचल किती, ते आत्ता लिहून देणार का नंतर वाढवणार? मधी आजारी पडली तर खाडे धरणार का? दुसऱ्या मुकादमानं जास्त दिलं तर जाता येतंय का? फिटली हे कोण सांगणार, तेच का? आणि कागदं त्यांच्याकडं कामून? "आमचं कागद नव्हतं, आमचं मानूस धरून ठेवायचे."

२०२४ च्या जानेवारीत ऊसतोडीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला, तेव्हा ही बाई कोयता सोडून पाच वर्षं झाली होती. पण तिचा हिशेब अजून तोंडपाठ होता. मजूर बायकांना परदेशी नोकरीतलं काय कळणार, असं मी मनातल्या मनात धरलेलं होतं. त्या घरात करार वाचता येणारी तीच एकटी निघाली.

पुढं आम्ही माहिती काढली. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणीकृत भरती एजंटलाच परदेशी नोकरीसाठी भरती करता येते, आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क ३० हजार रुपये अधिक जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. ई-मायग्रेट या संकेतस्थळावर एजंटची नोंद तपासता येते. या एजन्सीचं नाव तिथं सापडलं नाही. जर्मनीनंही काळजी-क्षेत्रातल्या भरतीसाठी 'न्याय्य भरती'चा एक शासकीय शिक्का काढला आहे. खर्च मालकानं सोसायचा, उमेदवारानं नाही, हे त्याचं मूळ तत्त्व. ताईनं करारावर सही केली नाही. मूळ प्रमाणपत्रं मात्र तिनं उत्साहाच्या भरात आधीच देऊन टाकली होती. ती परत मिळवायला अण्णांना दोन चकरा आणि एक दिवसभराचं बसणं लागलं.

त्यांनी ती आणली त्या संध्याकाळी मी पाचव्यांदा विचारलं. या वेळी सगळेच होते: अण्णा, आजी, आई, धाकटी. ताईनं उत्तर दिलं नाही. आई बोलली, "जाऊ द्या की. पर असं न्हाई. स्वतःच्या पायानं."

गॅलपच्या जगभरच्या पाहणीत २०२१ साली सुमारे १६ टक्के प्रौढांनी संधी मिळाली तर कायमचं दुसऱ्या देशात जायला आवडेल असं सांगितलं होतं. पुढचे प्रश्न विचारले, बेत आहे का, तयारी सुरू केली का, की हा आकडा झपाट्यानं आटतो. आटण्याचं कारण बहुधा पैसा आणि व्हिसा असं दिलं जातं. मला आता वाटतं, आमच्याकडच्या मुलींबाबत पहिला आकडाच नीट मोजलेला नसतो. पाहणीवाला दारात उभा असतो, आणि मुलगी एकटी नसते. इच्छा आधी तिच्या एकटीची असते, रात्रपाळीतली. ती बेत बनते तेव्हा अख्ख्या घराची झालेली असते. मधला काळ 'नाही वो, असंच'चा.

सध्याची स्थिती अशी. ताई लातूरलाच आहे, दुसऱ्या रुग्णालयात, साडेबारा हजारांवर. खर्च स्वतः सोसणाऱ्या एका जर्मन रुग्णालयानं तिची ऑनलाइन मुलाखत घेतली आहे. बी-टू झालं की पुढचं बोलू, म्हणालेत. आजी अजून नाराज आहे, मात्र सीनियरचे व्हॉइस मेसेज पुन्हा पुन्हा लावायला सांगते. धाकटी बारावीनंतर पोलीस भरतीच्या तयारीला लागली आहे आणि जर्मनीचं नाव काढलं की नाक मुरडते.

बी-टूची तारीख आली तीही पुण्याचीच, आणि नेमक्या त्याच दिवशी आत्यानं पुन्हा पाहुणे आणायचं ठरवलं होतं. अण्णांनी मला फोन केला, सकाळी सातला. "म्याडम, पाव्हण्यायला सांगितलं, पोरीला ड्युटी लागली, सुट्टी न्हाई भेटत. तुम्हाला कुणी विचारलं तर तेवढंच सांगा."